उजगरेबाईंचा पापांगीकार

आमच्या चर्चमध्ये पापांगीकाराची प्रार्थना म्हणून झाली की पाळकसाहेब थोडा वेळ गप्प उभे राहायचे. ज्याने त्याने आपली पापं मनातल्या मनात देवाला सांगावीत, म्हणून ही सोय. बाकीची मंडळी तेवढ्यात खोकून घ्यायची, चुळबुळणाऱ्या पोरांना चिमटे काढायची. मी पेटी वाजवायचो, मला पुढच्या गीताची काळजी. आणि बायकांच्या बाजूच्या पहिल्या बाकावरून उजगरेबाईंचा खणखणीत आवाज यायचा, "प्रभो, परवा मी धुणंवाल्या बाईला चोर म्हटलं. रुमाल माझ्याच पिशवीत होता."

पाहुणा कोणी आला असला तर तो दचकायचा. आम्हाला सवय होती. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. भिवंडीत लूमचा खडखडाट दिवसरात्र चालायचा आणि त्या खडखडाटात आमची मूठभर मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी जमायची. बाई आम्हा सगळ्यांच्या संडे स्कूलच्या शिक्षिका. मी नोकरीला लागलो, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी त्यांच्या लेखी मी "अरे सुधाकर"च. लहानपणी त्यांनी आम्हाला बजावून ठेवलेलं, "मोघम माफी मागायची नाही. मोघम माफी म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट पेटीत टाकणं. पोचतं का ते?" मग एकेकाला उभं करून विचारायच्या, कोणाचं काय घेतलंस, कोणाला काय बोललास, नाव सांग. आम्ही देवापेक्षा त्यांनाच जास्त भ्यायचो, खोटं कशाला बोलू.

पोटापाण्यासाठी बाईंनी उभी हयात खारबावकडच्या एका गावातल्या मराठी शाळेत काढली. तिथल्या हिराबाई पाटलीणीचे चारही मुलगे त्यांच्या हाताखालून गेले. त्या उपकारापोटी हिराबाई दर वर्षी आमच्या कापणीच्या सणाला भाताच्या लोंब्यांची भलीमोठी जुडी पाठवायची. सणाला मंडळी आपापल्या घरची फळं, भाज्या, धान्य आणून वेदीपुढे मांडते आणि देवाचे उपकार मानते. आता आमच्यातल्या कोणाकडे शेत होतं म्हणा. कोणी कारकून, कोणी मास्तर, कोणी नर्स. बाजारातून भोपळे आणायचे आणि देवापुढे ठेवायचे. खऱ्या शेतातलं असं काय ते हिराबाईचं, आणि ती तर हिंदू. तिच्या लोंब्या वेदीच्या अगदी मधोमध असायच्या.

बाईंचा मुलगा विजय. वडील लवकर गेले, पण पोरगा हिमतीचा. आधी लूमवर, मग सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये आणि शेवटी खारबावच्या रस्त्याला त्याने स्वतःचं डाइंग टाकलं. कपडा रंगवायचा कारखाना. बाईंना कोण अभिमान. चर्चला छतावरचे पंखे विजयनेच दिले. पंच्याण्णव टक्के उकाडा आणि पाच टक्के वचन अशी आमची उन्हाळ्यातली उपासना असायची, ती त्या पंख्यांनी सुसह्य झाली. विजयला मंडळीने पंच केलं. सगळं छान चाललं होतं.

एका वर्षी सणाचा आठवडा आला तरी लोंब्या आल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "हिराबाई आजारी तर नाही? चल, बघून येऊ." आम्ही गेलो. हिराबाई धडधाकट होती. अंगणात बसवलं, चहा केला. लोंब्यांचं विचारल्यावर म्हणाली, "यंदा भात धरलाच न्हाय बाई. पावसाचं काय खरं हाय?"

पाऊस तर त्या वर्षी झकास झाला होता.  परतताना तिच्या शेताच्या कडेने आलो तेव्हा नाला दिसला. पाणी गडद निळं, वर साबणासारखा फेस. बांधाला लागून असलेली भाताची रोपं मुळापाशी जळून काळी पडलेली. त्या आठवड्यात विजयकडे शाळेच्या निळ्या गणवेशाची मोठी ऑर्डर चालू होती, हे मलाही ठाऊक होतं. बाई नाल्याजवळ थांबल्या. पदराचं टोक हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. 

घरी त्यांनी विजयला विचारलं. मी तिथंच होतो, उठून जावं की बसावं कळेना. विजय काही वाईट माणूस नव्हता. त्याने खाली मान घालून सांगितलं, "आई, मी एकटा सोडतो का? सगळ्या लाइनीचं पाणी त्याच नाल्यात जातं. मी टाकी बांधून पाणी साफ करायला बसलो तर माझा रंग महाग पडेल. गिऱ्हाईक शेजारी जाईल. माझ्याकडची पन्नास माणसं घरी बसतील."

बाई पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेब भला माणूस, वादाला घाबरणारा. म्हणाले, "बाई, आपण इथले वाटसरू. ही पृथ्वी एक दिवस जायचीच आहे. आपण आत्म्यांची काळजी करावी." तिथे बसलेल्या एका पंचाने भर घातली की देवाने सगळी सृष्टी माणसाच्याच हाती दिली आहे. बाई त्याला म्हणाल्या, "हाती दिली ती सांभाळायला. शेजारणीचं भात जाळायला नाही दिली." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मुलगा त्यांचा होता ना.

सणाच्या रविवारी वेदीपुढे बाजारचे भोपळे आणि ऊस होते. मधली जागा कोणीतरी केळीच्या घडाने भरून काढली होती. पापांगीकार झाला. पाळकसाहेब थांबले. विजय पुरुषांच्या बाजूला, पंचांच्या बाकावर.  बाई म्हणाल्या, "प्रभो, आम्हा सगळ्यांच्या अपराधांची क्षमा कर."

बस, एवढंच. उपासना सुटल्यावर मला त्यांनी बाजूला घेतलं. चेहरा उतरलेला. "सुधाकर, मी आज मोघम बोलले."

मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, घरातली गोष्ट आहे."

"घरातली कसली? पाणी दुसऱ्याच्या शेतात गेलंय."

पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं. स्पष्ट, एकेक शब्द तोडून. "प्रभो, माझ्या मुलाच्या डाइंगचं पाणी हिराबाई पाटलीणीच्या शेतात जातं. तिचं भात जळलं. मी त्याच कमाईचं जेवते." विजय उठला आणि निघून गेला. त्यानंतर वर्षानुवर्षं चर्चमध्ये आला नाही. घरी आईला तो एवढंच म्हणाला, "मला घरात काय हवं ते बोल. चारचौघांत कशाला?"

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा मला घेऊन हिराबाईकडे गेल्या. जाताना जरा मोकळ्या वाटत होत्या, मन हलकं झाल्यासारख्या. अंगणात बसून त्यांनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. हिराबाई भाजी निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत. "आमाला ठाव हाय बाई. दोन वर्सं झाली पानी येतंय. पोरं उठली व्हती जायाला, कारखान्यावर. मीच बोलले, बाईंचा पोरगा हाय. बाईंनी तुमाला शिकवलं. त्यांना लाज वाटंल असं काय करू नका. म्हून पावसाचं नाव घेतलं."

बाईंचे जोडलेले हात तसेच राहिले.  आम्ही तिला सांगायला गेलो होतो, आणि ती दोन वर्षं आमची लाज राखत बसली होती. मग हिराबाईने विचारलं, रागाने नाही, अगदी सरळ, "तुमी सांगितलंव, बरं झालं. पन पानी थांबंल का आता?"

"नाही," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दर रविवारी बाई तेच म्हणू लागल्या. तेच वाक्य, शब्दाचाही फरक नाही. मंडळी आधी अवघडली, मग वैतागली. बायका म्हणायच्या, म्हातारीला भ्रम झाला. पाळकसाहेबांनी एकदा माझ्यासमोर त्यांना समजावलं, "बाई, एकदा मनापासून कबूल केलं की देव क्षमा करतो. पुन्हा पुन्हा सांगणं म्हणजे त्याच्या क्षमेवर अविश्वास."

"क्षमा झाली असेल, पाळकसाहेब," बाई म्हणाल्या. "पाणी चालूच आहे."

त्या शेवटपर्यंत विजयकडेच राहिल्या. नातवंडं होती, जायचं कुठे? जेवताना पहिला घास हातात घेऊन थांबायच्या, असं सून सांगायची. मी त्यांना एकदा विचारलं, एवढा त्रास होतो तर वेगळ्या का राहत नाही? म्हणाल्या, "वेगळी राहिले तर मला बरं वाटेल. हिराबाईला काय त्याचं?" विजयशी त्या कधी भांडल्या नाहीत. त्याच्या वाढदिवसाला शिरा करायच्या, आणि रविवारी त्याच्या डाइंगचं नाव घ्यायच्या. पुढे पुढे आवाज बसला, पाय चालेनात. सुनेचा हात धरून यायच्या आणि पुटपुटायच्या, पण आम्हाला ऐकू यायची गरजच राहिली नव्हती.

पंच्याण्णव सालाच्या सुमारास त्या गेल्या. मातीला हिराबाई आली होती, मुलांसकट. पाळकसाहेब बाईंविषयी फार चांगलं बोलले. प्रेमळ, श्रद्धावंत, प्रार्थनाशील. सगळं मोघम.

त्यानंतरच्या रविवारी विजय चर्चमध्ये आला. कितीतरी वर्षांनी. सगळ्यात मागच्या बाकावर बसला. पापांगीकाराची प्रार्थना झाली. पाळकसाहेब गप्प झाले. वर विजयचे पंखे फिरत होते. त्या दिवशी कोणी खोकलं नाही, कोणी पोराला चिमटा काढला नाही. पाळकसाहेब नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मला वाटतं, तेसुद्धा वाट पाहत होते. ते वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं, संडे स्कूलच्या पोरांनासुद्धा. नाल्यात पाणी वाहतच होतं. मंडळीतलं कोणीही उठून ते म्हणू शकलं असतं.

कोणी उठलं नाही. शेवटी पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पेटी सुरू केली.