सर्व्हर जळला तेव्हा मी नाशिकला होते

"मॅडम, सर्व्हर जलला! खोलीत धूर भरलाय."

फोनवर भोईर होते, आमच्या औषधांच्या गोदामाचे डिस्पॅच सुपरवायझर. गोदाम भिवंडीत, शेलार गावाजवळ. मी तिथली सिस्टिम इनचार्ज. आणि त्या घटकेला नाशिकला भाचीच्या लग्नात, मुठीत अक्षता.

"माणसं ठीक आहेत ना?"

"सगली बाहेर हायेत. त्या खोलीचा मेन स्विच पाडला. पन हॉस्पिटलच्या गाड्या उभ्या हायेत, आन् कंची बॅच कुठल्या रॅकवर हाय, कोनाला ठावं न्हाय."

बॅच म्हणजे एका वेळी बनलेला माल. तिचा नंबर नोंदल्याशिवाय औषध गेटबाहेर जात नाही. ते सगळं सर्व्हरमध्ये.

अशाच दिवसासाठी मी डिझास्टर रिकव्हरीची फाइल केली होती. सर्व्हर गेला तर काय, कुठून आणि कोणत्या क्रमाने सुरू करायचं, ते त्यात होतं. मालक मोमीनसाहेब तेव्हा हसले होते. "मॅडम, आग लगेगी तो लोग भागेंगे. किताब कौन पढेगा?"

म्हणून मी भोईरांनाच तालमीला बसवलं. 'बॅकअप रिस्टोअर करा' या ओळीवर ते थांबले. "म्हंजे काय करू?" म्हणजे टेपवर साठवलेला डेटा दुसऱ्या मशीनमध्ये भरायचा. मग मी प्रत्येक ओळ त्यांच्यासमोर नव्याने लिहिली. टेपांना रंगीत पट्ट्या लावल्या, स्क्रीनचे फोटो चिकटवले. जादा मशीन आणि टेपा आमच्या नारपोलीच्या ऑफिसात हलवल्या. एका आगीत दोन्ही जायला नकोत.

आता ते मशीन मोमीनसाहेब स्वतःच्या गाडीतून घेऊन आले. भोईरांनी पुन्हा फोन लावला तेव्हा गेटच्या केबिनमध्ये साहेब फाइल मोठ्याने वाचत होते, भोईर टाइप करत होते.

"मॅडम, हिरवी टेप एरर देतेय."

मी तोंड उघडणार, तोच मागून साहेबांचा आवाज आला. "रुको, लिखा है! हिरवी नाही चालली तर पिवळी, म्हणजे काल रात्रीची. आज सकाळचा माल कागदी चलनांवरून हाताने भरा."

फोन कट झाला. सप्तपदी संपली. मी मोबाइलकडे बघत राहिले.

जेवणाच्या पंगतीत परत वाजला. "रॅक दिसले, मॅडम! पयली गाडी गेली!"

मी इतक्या जोरात "शाब्बास!" ओरडले की वाढपी दचकला. साहेबांनी फोन ओढून घेतला. "आप आराम से शादी में रहिए. इधर हम देख लेंगे."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या गेल्या. मला पुन्हा एकही फोन आला नाही.

फाइल नीट लिहिली गेली, हे असंच कळतं.