मावशीची फडकी आणि नवऱ्याचा गाल

गाड्या धुऊन पॉलिश करून देणाऱ्या त्या दुकानात पुढे सगळा चकचकाट आणि मागे मावशी. सगळे तिला मावशीच म्हणत. मागच्या अरुंद खोलीत दोन वॉशिंग मशिन, सात बादल्या आणि डोक्यावर ताणलेल्या दोऱ्या. तिथे गेली एकोणीस वर्षं तिचं राज्य होतं. चाकं पुसलेलं फडकं काचेच्या फडक्यांत सापडलं, तर मालकाचीही गय नव्हती. फडकं एकदा जमिनीवर पडलं, की त्याची बदली कायमची चाकांकडे. मेण लावायचे स्पंजचे पॅड ती कधी पिळत नसे, दोन तळव्यांत धरून हलकेच दाबायची. कपडे मऊ करणारं सुगंधी औषध कोणी आणलंच, तर म्हणायची, "वास घ्यायचाय का पाणी टिपायचंय?" ते औषध धाग्यांवर बसलं, की फडकं पाणी पीत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतं, हे तिने दहा जणांना दहादा सांगितलं होतं.

शेवटची परीक्षा बोटांची. वाळलेल्या प्रत्येक फडक्यावरून ती बोटं फिरवायची आणि धाग्यांत अडकलेला कण नखाने काढायची. एक कण राहिला, तर गाडीवर ओरखडा ठरलेला.

यंदा त्या बोटांनीच दगा दिला. साखरेच्या आजाराने टोकं बधिर झाली. तिने कुणाला सांगितलं नाही. मग एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर केसाएवढा ओरखडा उठला. पॉलिशवाल्याला फडकं धरायला तिनेच शिकवलं होतं. त्याने तो गुपचूप घासून घालवला आणि चकार शब्द काढला नाही. त्या न बोलण्याने मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी ती नवऱ्याला म्हणाली, "सोडते काम. बोटं गेली, आता कशाच्या जोरावर मिरवू?"

नवरा निवृत्त बस ड्रायव्हर. तो म्हणाला, "गालाला लावून बघ की."

"बघितलं. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होतात का? तसंच आहे ते. काही कळत नाही."

"मग माझा गाल घे. नाहीतरी रिकामाच असतो."

आठवड्यातून एकदा, तेही बायको मागे लागली तरच दाढी करणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी तुळतुळीत दाढी करून खुर्चीत डोळे मिटून बसला. मावशी दुपारच्या सुट्टीत पिशवीभर फडकी घेऊन आली.

"मऊ," तो म्हणाला. पुढचं. "मऊ." वीस झाली, वीसही मऊ. मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तिने मुद्दाम आणलेलं चाकांचं फडकं काढलं. त्यातली वाळू तर डोळ्यांनाही दिसत होती.

"मऊ," तो म्हणाला.

मावशीने ते फडकं बाजूला ठेवलं. हा माणूस असाच. चौतीस वर्षांत त्याने तिच्या हातच्या कशालाही नाव ठेवलं नव्हतं. अळणी भाजी मुकाट्याने खाल्ली, इस्त्रीने जळालेला शर्ट घालून ड्युटीवर गेला. त्या चांगुलपणावर तिचा संसार सुखाचा झाला होता आणि आज तोच तिच्या मुळावर आला होता.

"अहो, खोटं का बोलताय?"

"खोटं कुठे? तुझा हात लागला, की मला सगळं मऊच लागतं."

"ते कळतंय मला." ती म्हणाली. "पण मला जगात हे एकच काम चांगलं येतं. ते माझ्याकडे राहावं असं वाटत असेल, तर टोचलं की टोचलं म्हणा. माझ्यावर ओरडलात तरी चालेल."

हनुवटी वर करून त्याने डोळे घट्ट मिटले. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मऊ. मऊ. सातव्या फडक्याला त्याच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले आणि पुन्हा मिटले.

"टोचतंय," तो ओशाळून म्हणाला. मग जरा जोरात, "अगं, इथे कडेला टोचतंय! काय धुतलंस हे?"

तिने ते खिडकीशी नेलं. कडेच्या शिवणीत वाळूचा कण होता, रव्याहून बारीक. परत येऊन तिने त्याच्या गालावर हात ठेवला. बोटांना तो गाल नीट कळतही नव्हता.

"असंच," ती म्हणाली. "अगदी असंच बोलत जा." आणि डोळे पुसत तिने आठवं फडकं उघडलं.