टेम्पोला साडीचा काठ

ओतूरच्या अजीज पेंटरसमोर कुणी रंगांचा कॅटलॉग धरला की तो भडकायचा. "फोटो बघून पोट भरतं का, राव?" म्हणायचा. रंग शोधायला तो थेट गाडीमालकाच्या अंगणात जाऊन बसायचा. कोंबड्याच्या तुऱ्याचा लाल, कांद्याच्या सालीचा गुलाबी, दारातल्या शेवंतीचा पिवळा, असं करत गाडी नटायची.

अठ्ठ्याण्णव साली पिंपरी पेंढारच्या चांगदेवनं टेम्पो रंगवायला त्याला घरी बोलावलं. बायको प्रयागबाई माहेरी गेलेली. कुंपणावर हिरवी साडी वाळत होती, काठाला लाल कोयऱ्या. अजीज बघतच राहिला.

"वैनींची का?"

"आसंल की," चांगदेव म्हणाला. बायकोची साडी त्यानं कधी धड बघितली असेल तर ना!

प्रयागबाई परतली तेव्हा हिरव्यागार टेम्पोला चारी बाजूंनी कोयऱ्यांचा काठ लागला होता. ती कडाडली, "ही माझी साडी न्हाई! शेजारच्या हौसाची हाय!"

हौसाबाईशी तिचा कोंबड्यांवरून वर्षभर अबोला. कुंपण मात्र दोन्ही घरांत एकच. चांगदेव शपथा घेत राहिला, पण गाव ऐकतंय होय! टेम्पो बाजारात शिरला की लोक म्हणायचे, "हौसाबाई आल्या."

शेवटी प्रयागबाईनं अजीजला पुन्हा बोलावलं. तो आला तेव्हा कुंपण दिसतच नव्हतं. लग्नातल्या शालूपासून सगळ्या साड्या तिनं, एकही मळलेली नसताना, धुऊन वाळत घातल्या होत्या.

पलीकडून हौसाबाईनंही.