सहाशे वर्षांच्या भिंतीला मुंजाजींचा ओळंबा

कुरुंद्याच्या मुंजाजी गवंड्यांना घरी बोलवायचं म्हणजे यजमानाच्या काळजात धस्स व्हायचं. हा माणूस दारातून आत आला की आधी माणसांकडं बघायचाच नाही, भिंतीकडं बघायचा. हिंगोलीत एका सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी खिशातून ओळंबा काढला, दोरीला बांधलेला तो पितळी लंबक भिंतीला लावला आणि भर बैठकीत मुलीच्या बापाला सांगितलं, "पावणे, तुमची भिंत दोन बोटं बाहेर गेली." सोयरीक कशीबशी जुळली. पण तेव्हापासून कुठं जायचं झालं की चांगुणाबाई आधी नवऱ्याचे खिसे तपासायच्या.

चाळीस वर्षं मुंजाजींनी दगड बसवले, चुना मळला, आणि त्याच कमाईवर लेकीला, पल्लवीला, नर्सिंग शिकवलं. पोरगी जिद्दीची! २००४ साली थेट आयर्लंडच्या इस्पितळात लागली. तीन वर्षांनी उन्हाळ्यात तिनं आईबापांना दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात तिच्या वॉर्डातली मोठी सिस्टर, मार्गारेट, चहाला आली. खदखदून हसणारी, मोकळी बाई. तिनं मुंजाजींकडं बघून काहीतरी विचारलं. पल्लवीनं उत्तर दिलं, आणि त्या उत्तरात ‘इंजिनिअर’ हा शब्द होता. आता मुंजाजींना इंग्रजी येत नव्हतं हे खरं, पण हा शब्द चांगला ठाऊक होता. जीपमधून उतरून त्यांच्या भिंतींना छडी टोचणारे इंजिनिअर साहेब जन्मभर बघितले होते की! त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"पोरीला माझी लाज वाटून राहिली," मार्गारेट गेल्यावर ते बायकोला म्हणाले.

"असं काहून बोलता? तिच्या तोंडून निघून गेलं असंल."

"एवढी शिकली, अन् बाप गवंडी हाय एवढं सांगता येईना व्हय?"

चांगुणाबाईंनी कपबशा उचलल्या आणि धुवायला नेल्या.

पुढच्या रविवारी मार्गारेट आपली मोटार घेऊन आली आणि सगळ्यांना समुद्रकाठचा किल्ला बघायला घेऊन गेली. किल्ला कसला, छप्पर उडालेला चार मजली बुरूज! आत गवत, वर कावळे, खाली समुद्र धडका देतोय. वारा असा की चांगुणाबाईंचा पदर डोक्यावर ठरेना.

"इमानात बसून एवढ्या लांब आलो, अन् दाखवली काय, तर पडकी गढी," त्या पुटपुटल्या.

मुंजाजींचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी भिंतीवर तळहात फिरवला, बोटाच्या पेरानं दगड वाजवला आणि सगळा राग विसरले. काय दगड बसवला होता लेकांनी! सहाशे वर्षं समुद्राचा मार खाऊन भिंत जागची हलली नव्हती. तेवढ्यात त्यांना एका सांध्यात उगवलेलं रोप दिसलं. झालं! भिंतीत रोप दिसलं आणि गवंड्यानं ते उपटलं नाही, असं कुरुंद्यात कधी झालंय का? त्यांनी हात घातला, मुळासकट ओढलं, आणि त्याबरोबर नारळाएवढा दगड निखळून धप्पकन गवतात पडला.

"बा! काय केलंत हे?" पल्लवी किंचाळली. "सरकारी किल्ला आहे हा!"

पलीकडं परांचीवर एक पिकल्या केसांचा आयरिश म्हातारा सांध्यात चुना भरत होता. तो खाली उतरून ताडताड चालत आला. पल्लवीचा चेहरा लालेलाल. मुंजाजींच्या मनात आलं, आधीच पोरीला आपली लाज, त्यात आता ही शोभा! पण पडलेला दगड तसाच टाकून पळायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी दगड उचलला, फिरवून त्याचं तोंड ओळखलं, पोकळीतली माती बोटांनी खरवडली. म्हाताऱ्याच्या बादलीतला चुना चिमटीत घेतला, जिभेला लावला आणि चांगला मुरलाय म्हणून मान डोलावली. म्हातारा बघतच राहिला. मग त्यानंही बोटभर चुना चाखला आणि तोंड असं काही वाकडं केलं की चांगुणाबाईंना हसू आवरेना. त्यानं हातातली थापी मुंजाजींपुढं धरली.

मुंजाजींनी पाणी शिंपडलं, चुना भरला, दगड बसवला, मागं दगडाची कपची ठोकली. बघणाऱ्याला शोधूनही सांगता आलं नसतं, निखळलेला दगड कोणता ते.

म्हाताऱ्यानं काहीतरी विचारलं. मार्गारेटनं मोठ्या कौतुकानं उत्तर दिलं, आणि पुन्हा तोच शब्द आला: इंजिनिअर! मुंजाजींनी मान खाली घातली. म्हातारा मात्र हसून जोरजोरात नकारार्थी मान हलवायला लागला.

"काय म्हणून राहिला तो?" चांगुणाबाईंनी विचारलं.

पल्लवीनं बापाच्या चुन्यानं भरलेल्या हाताकडं बघितलं. "म्हणतो, इंजिनिअरचा हात असा चालत नाही."

मग ती म्हाताऱ्याकडं वळली. बापाच्या कामाचा इंग्रजी शब्द तिला येत होताच. पण बापाला कळावं म्हणून ती सावकाश, मोठ्यानं म्हणाली, "नो इंजिनिअर. माय फादर, गवंडी." आणि मार्गारेटचा हात धरून पुढं बरंच काही बोलली. बोलता बोलता तिचे डोळे भरले.

"गा-वान-डी," म्हाताऱ्यानं म्हणून पाहिलं आणि मुंजाजींचा चुन्यानं भरलेला हात आपल्या तसल्याच हातात घट्ट धरला.

हात सुटल्याबरोबर मुंजाजी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी ओळंबा काढला आणि भिंतीला लावला.

"खिसे तपासले व्हते की मी!" चांगुणाबाई म्हणाल्या. "अन् एवढ्या वाऱ्यात वळंबा झोके खाऊन राहिला. त्याच्यात काय दिसून राहिलं तुमाला?"

"समदं बराबर हाय," मुंजाजी म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी तोंड काही फिरवलं नाही.