नेरिडाने तासलेले रोटर

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवुम्बात, कुंपणापलीकडे नेरिडा टोझर राहते. तिचा भाऊ ब्राइस सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत गाडी पळवतो. त्या गाडीच्या इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा ब्लोअर नेरिडाला स्वतः घडवायचा होता. त्यात दोन पिळदार रोटर एकमेकांत फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत, कवचालाही नाही. सगळी करामत त्या केसभर फटीची. फट मोठी झाली की हवा निसटते. लहान राहिली की तापून फुगलेले रोटर घासतात.

ब्राइसने बजावलं होतं, "अंतिम शर्यतीआधी तुझा ब्लोअर चालला तर ठीक. नाहीतर मी विकतचा बसवणार."

नेरिडाने शेडमध्ये मोटरवर ब्लोअर फिरवला. कर्र! रोटर काढून तासले. पुन्हा कर्र! पुन्हा तासले.

मी कुंपणावरून विचारलं, "काय गं, मगर पाळलीस की काय?"

"क्लॅरी, अजून एक शब्द बोललास तर तुलाच आत घालीन!"

शेवटी घासणं थांबलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडी धावपट्टीवर नेली. सुटली काय, आणि दम गेला काय! दाब भरेचना.

"ही गाडी आहे की गवत कापायचं यंत्र?" ब्राइस हेल्मेट काढत ओरडला.

नेरिडाने ब्लोअरवर हात ठेवला, तो तसाच राहिला. कवचावर पांढरा बर्फ धरला होता. तसा तो सगळ्यांच्याच ब्लोअरवर धरतो. इंधनाचं मिथेनॉल रोटरांमधूनच खाली जातं आणि वाफ होऊन उडता उडता सगळं गार करून टाकतं. आम्ही त्यावर बिअर थंड करतो, एवढी ती रोजची गोष्ट!

"शेडमध्ये मी कोरडा फिरवला रे," ती म्हणाली. "नुसती हवा, म्हणून तापला. गाडीत तो तापतच नाही! मी उगाच तासत बसले."

"मग फट कमी कर."

"कशी? तासलेलं ॲल्युमिनियम गोंदाने चिकटवू?"

ब्राइसने ट्रेलरमधून विकतचा ब्लोअर काढला. बसवायला मात्र हीच लागली. एकेक बोल्ट तिने असा आवळला, जणू भावाचा गळाच.

दुसऱ्या दिवशी ब्राइस जिंकला. सगळे नाचले, मीही नाचलो. नेरिडा हाताची घडी घालून उभी. परतीच्या वाटेवर घाट चढताना एकदम म्हणाली, "क्लॅरी, तुझ्या शेडमध्ये जागा आहे? नवे रोटर घडवून या वेळी मिथेनॉल ओतून फिरवायचेत. माझ्या शेडमध्ये टाकी मावत नाही."

"माझ्या शेडमध्ये कोंबड्या आहेत, पोरी."

"मग त्यांना सांग, सरका."