कोचने कॉफीला बोलावलं

आमच्या शैलेंद्रचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कुणावरच विश्वास नाही. वुडलँड्सच्या मार्केटात पपई घेतली तरी उलटीपालटी करून चार वेळा हुंगणार! पुण्यात बास्केटबॉल खेळलेला हा माणूस सिंगापुरात अकाउंट्सची चांगली नोकरी सोडून एका व्यावसायिक क्लबचा टीम मॅनेजर झाला, आणि तिथे तर त्याच्या संशयाला खतपाणीच मिळालं.

२००८ची गोष्ट. सराव शिबिरात पंधरा जण, ठेवायचे बारा. कुणाला काढायचं असलं की कोच त्याला एकट्याला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, कॉफीला न्यायचा. कप संपेपर्यंत करारही संपलेला असायचा.

हॉक सेंग राखीव संघातून वर आलेला. अठ्ठावीस वर्षांचा, जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून बिनपगारी रजा घेऊन खेळत होता. सोमवारी कामावर हजर झाला नाही तर नोकरी गेली. शैलेंद्रचा त्याच्यावर भारी जीव.

रविवारी जेवताना शैलेंद्रचा घास हातातच राहिला. "जर्सीवर छापायला अकराच नावं दिलीत कोचने. हॉक सेंगचं नाही. आणि उद्या त्याला कॉफीला बोलावलंय."

"मग बाराव्या जागी कुठल्या तरी एजंटचा खेळाडू घुसवणार, दुसरं काय! सांगून टाक त्याला, निदान नोकरी तरी वाचेल." हे मीच म्हटलं. हो, मीच.

शैलेंद्रने लगेच फोन लावून सगळं सांगून टाकलं. हॉक सेंग आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, "ओके ला, थँक्यू बॉस." सोमवारी पहाटे तो कंपनीच्या बसने कामावर गेला.

दहा वाजता कोच करार घेऊन शैलेंद्रच्या टेबलापाशी. "हॉक सेंग कुठाय? अकरा जणांचे नंबर ठरले, याला कुठला हवा ते विचारायचं राहिलंय. म्हटलं, एकदा चांगल्या बातमीचीही कॉफी पाजावी."

शैलेंद्रने सतरा वेळा फोन केला. पण त्या कारखान्यात फोन गेटवरच जमा करतात, आणि पासशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. गेटवर ठेवलेला निरोप आत पोचलाच नाही. पाचला लीगची नावनोंदणी बंद झाली, आणि खेळाडूच्या सहीशिवाय नाव घेत नव्हते. बारावं नाव दुसऱ्याचं पडलं, तेही शैलेंद्रनेच टाइप केलं.

सातला हॉक सेंगचा घरी फोन. "बॉस, एवढे कॉल? काय झालं?"

"काही नाही रे," शैलेंद्र म्हणाला, "सरावाची जर्सी परत करायची राहिलीय."

असा संताप आला मला त्याचा! पण मी तरी कुठे तोंड उघडलं? दुसऱ्या दिवशी हॉक सेंग जर्सी धुऊन, इस्त्री करून देऊन गेला.

चिनी नववर्षाला त्याने अननसाच्या टार्ट्सचा डबा पाठवला. सोबत चिठ्ठी: 'बॉस, तुमच्यामुळे नोकरी वाचली.'

शैलेंद्रने चिठ्ठी उलटसुलट करून चार वेळा वाचली.

"त्याला कळलं असेल का गं, नीलिमा? हा टोमणा तर नाही?"

"मला काय माहीत! विचार त्यालाच."

त्याने डबा न उघडताच बाजूला सरकवला. मग म्हणाला, "टोमणाच असू दे गं. खरंच आभार मानले असतील, तर मी त्याला काय तोंड दाखवू?"