एका हेडफोनमधल्या दोघी

एसटीची लाल गाडी आश्रमशाळेच्या फाटकासमोर थांबली, तेव्हा मुली प्रार्थनेची रांग मोडून पळत आल्या. गडचिरोलीत एटापल्लीच्या पुढं, जंगलातल्या त्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि त्या सकाळी नोकरी सोडून पुण्याला निघाले होते. मडावी सरांनी माझी पेटी गाडीत चढवली. सर त्याच भागातले, तिथं मराठी शिकवायचे.

"काऊन जाता बाई?" ते म्हणाले. "पोरी आत्ता कुठी बोलाले लागल्या."

"सर, तिकडं जे बनवीन ते इथंच तर येईल," मी म्हटलं. तेव्हा मला ते अगदी खरं वाटत होतं.

खिडकीखाली जैनी आणि सोमी उभ्या होत्या. आठवीतल्या मैत्रिणी. एकमेकींना ढकलत त्या इंग्रजीत ओरडत होत्या. सोमी म्हणाली, "मॅडम, यू गो स्लोली!" जैनी तिला मागं ओढत म्हणाली, "नो, यू कम फास्टली!" गाडी सुटली, वळली, तरी त्या दोघींचा वाद चाललेलाच दिसत होता.

माझं गाव कोरपन्याजवळचं. बाबा गडचांदूरला सिमेंट कारखान्यात होते. जेवायला बसले तरी त्यांच्या भुवयांवर राखाडी धूळ असायची. ते म्हणायचे, "शिकलेल्या मानसानं एका जागी बसू नाई. समोर जा लागते." मला जंगलात नोकरी लागली तेव्हा आईनं डोळ्यांना पदर लावला होता. पुण्याचं कळल्यावर तिनं सगळ्या मोहल्ल्यात चिवडा वाटला. आमच्या घरात पुढं जाण्याची दिशा ठरलेली होती. मागं वळून पाहायची सवय कुणालाच नव्हती.

जंगलातल्या त्या शाळेत पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मुलींच्या घरी माडिया बोलतात. मराठी त्यांना शाळेत भेटलेली परकी भाषा, आणि इंग्रजी म्हणजे परक्याच्या घरी आलेला पाहुणा. मी इंग्रजीत काही विचारलं की अख्खा वर्ग खाली बघायचा. उत्तर चुकलं तर हसतील, ही भीती मला माहीत होती. कॉलेजात माझ्या 'मले-तुले'वर मुली हसल्या होत्या.

शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, पण कुलपात. मशीनवर चादरी पांघरलेल्या. "पोरी बिघडवतीन," असं मुख्याध्यापक म्हणायचे. पुष्कळ विनवण्या केल्यावर चावी मिळाली. इंटरनेट नव्हतं, निम्मी मशीनं सुरूच होत नव्हती. मग मी मोबाइलवर फोटो काढले: नदी, मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका, तेंदूपानाचे पुडे. ते एकेक करून पडद्यावर टाकले आणि मुलींना म्हटलं, चित्राबद्दल काय वाटेल ते इंग्रजीत बोला, मशीन तुमचा आवाज धरून ठेवील.

मशीनं कमी, म्हणून दोघींना एक. हेडफोनही एकच, तो उलगडून एकीच्या उजव्या कानाला, दुसरीच्या डाव्या. जैनी तोवर वर्गात एक अक्षर बोललेली नव्हती. नदीचं चित्र पाहून ती हळूच म्हणाली, "धिस इज रिव्हर. वॉटर इज गोइंग." सोमीला कुठला धीर! ती मधेच म्हणाली, "फिश ऑल्सो गोइंग." जैनी तिच्यावर उखडली, "फिश नॉट गोइंग! फिश स्लीपिंग!" मग माशाला झोप येते का यावर दोघींचं माडियात जोरदार भांडण झालं आणि शेवटी पुन्हा इंग्रजीत आलं. ते सगळं रेकॉर्ड झालं. स्वतःचा आवाज परत ऐकताना त्या हसून हसून बाकावरून घसरल्या.

मागं उभे असलेले मडावी सर म्हणाले, "हे तं आपल्यासारकंच झालं बाई. पानी जाऊन राह्यलं, वॉटर इज गोइंग." आणि त्यांनी मुलींना विचारून फळ्यावर तीन शब्द लिहिले: माडियातलं येर, मग पाणी, मग वॉटर.

त्यानंतर त्या खोलीत कधी शांतता राहिली नाही. मशीन हसत नव्हतं, रागावत नव्हतं. पण खरी गंमत एका मशीनपुढं दोन मुली असण्यात होती. एकीचं वाक्य दुसरी तोडायची, म्हणून पहिलीला नवं वाक्य शोधावं लागायचं. हे मला आज इतकं स्वच्छ सांगता येतं. तेव्हा मला वाटायचं की मशीनं पुरेशी नाहीत, ही आमची अडचण आहे.

जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षणात मी हे पाठ दाखवले आणि तिथूनच पुण्याच्या एका कंपनीनं मला बोलावलं. इंग्रजी शिकवणारं अ‍ॅप बनवायचं होतं, आमच्यासारख्या शाळांसाठी. मुलींचे सगळे आवाज पेनड्राइव्हवर घेऊन मी आले.

पुण्यात पहिल्या महिन्यात माझं 'मले' गेलं. कुणी सांगितलं नाही, आपोआपच गेलं. 'कंटेंट', 'युजर', 'डेडलाइन' हे शब्द भाजी-पोळीसारखे रोजचे झाले. तेंदूपान नको, सफरचंद ठेवा, असं कंपनीतले म्हणाले, त्यावर मी भांडले. मोहाचं चित्र राहिलं, बाकीची गेली. उच्चार तपासणारी यंत्रणा तयार होत होती. मुलींचे आवाज त्यात घातले की लाल खूण यायची. पुन्हा भांडले, तेव्हा त्यांनी चाळणी थोडी सैल केली. माझ्यासोबतचा इंजिनिअर चांगला मुलगा होता. तो म्हणाला, "ताई, एका फाइलमध्ये एकच आवाज पाहिजे. दोन आवाज एकमेकांवर आले की मशीनला कळत नाही कोण बोलतंय." म्हणून आम्ही एकेकट्या आवाजाच्या फाइली निवडल्या. उरलेल्या पुढं कधीतरी जागा मोकळी करताना निघून गेल्या, पेनड्राइव्हवरच्याही. एका शब्दाची चर्चा झाली नाही. माझ्याही मनात काही आलं नाही.

काही वर्षांनी ते अ‍ॅप माझ्या जुन्या शाळेत पोचलं, आणि शिक्षकांना दाखवायला मलाच पाठवलं. नवी खोली, भिंतीला रंग, प्रत्येक मुलीच्या हातात टॅब, प्रत्येकीच्या दोन्ही कानांवर हेडफोन. मडावी सरांचे केस पिकले होते. ते अभिमानानं म्हणाले, "बाई, पोरी लय चांगलं वाचतात आता." खरंच वाचत होत्या. माझ्या वेळच्या मुलींपेक्षा कितीतरी चांगलं. खोलीत नुसती कुजबुज होती, जी ती आपल्या पडद्याशी बोलत होती.

मी एका मुलीला हेडफोन काढायला लावून विचारलं, "व्हॉट डिड यू लर्न टुडे?" तिनं पूर्ण, बिनचूक वाक्यात उत्तर दिलं. मग ती थांबली. माझ्याकडे न बघता खाली टॅबकडे बघत राहिली, हिरवी खूण येते का ते पाहत. मी "व्हेरी गुड" म्हटलं, तरी तिची नजर वर आली नाही.

जुनी मशीनं? ती भंगारात गेल्याचं सरांनी सांगितलं. जैनी चंद्रपूरला दवाखान्यात नर्स झाल्याचंही सांगितलं. सोमीबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "जैनीलेच भेटा बाई."

परतताना मी तिला भेटले. पांढऱ्या कपड्यातली जैनी मला ओळखून उठली आणि एकदम पायाशी वाकली. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर आम्ही बसलो. सोमीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. बारावीच्या वर्षी ताप आला, रस्ता नव्हता, पोचेपर्यंत उशीर झाला. जैनीनं हे सगळं नर्ससारखंच सांगितलं, एका सुरात. मग म्हणाली, "बाई, तिचा एक फोटो हाय माझ्याजवळ. पन आवाज नाई. त्या कॉम्पुटरमधी आमी लय बोललो होतो. तुमी घेऊन गेल्या होत्या नं? सोमीचा आवाज हाय का तुमच्याजवळ?"

मी पाहून सांगते म्हटलं.

पुण्यात परतल्यावर सगळं उपसलं. इंजिनिअरला सुट्टीच्या दिवशी बोलावून बॅकअप शोधायला लावले. जैनीचा आवाज सापडला, एकटीचा, स्वच्छ. सोमी एकटी कधी बोललीच नव्हती. ती नेहमी कुणाच्या तरी वाक्यात घुसायची.

पुण्यात मला वाईट आहे असं नाही. घर घेतलं, गॅलरीत तुळस आहे, शेजारी चांगले आहेत. आई-बाबा येतात, आठवडा राहून कंटाळतात. गाव कुठलं विचारलं की मी कोरपना सांगते. पण घर म्हटल्यावर कोरपना डोळ्यांपुढं येत नाही आणि हा फ्लॅटही येत नाही. तीच कल्ला करणारी खोली येते, जिथं मी जेमतेम काही वर्षं होते आणि जिथली भाषा मला शेवटपर्यंत आली नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे समोर गेले, त्यांना कदाचित हे कळेल. आपण जिथून निघतो ते गाव आणि आपण जे गमावतो ते घर, ही दोन वेगळी ठिकाणं असू शकतात.

शोध संपल्यावर एका दुपारी मी जैनीला फोन केला. "नाही सापडला गं."

ती म्हणाली, "बरं बाई. तुमी पाह्यलं नं, तेवढं झालं."

तेवढ्यात तिकडं कुणीतरी रडत आत आलं. भामरागडकडचा पेशंट आला असावा. "थांबा बाई," म्हणत जैनीनं फोन तसाच टेबलावर ठेवला आणि ती माडियात बोलायला लागली. म्हातारीसारखा एक आवाज काही सांगत होता, जैनी विचारत होती, मधेच तिसरं कुणी बोलत होतं, सगळे एकमेकांवर. मला त्यातलं काही कळत नव्हतं. फोन ती विसरून गेली होती. मी तो कानाशी तसाच धरून बसले.